स्लॅबखालचे बत्तीस उन्हाळे

ऑक्टोबरात ठाण्याहून मुलीचा फोन आला. नवी नोकरी, मैत्रिणीबरोबर भाड्याने घेतलेला फ्लॅट आणि जोडीला ऑक्टोबर हीट. म्हणाली, ''बाबा, पस्तीस हजारांच्या आत कोणता एसी घेऊ? पटकन सांगा, मला मीटिंग आहे.''

पटकन काही सांगता आलं नाही. नागपूरच्या घरात गारवा विकत आणण्याचे चार व्यवहार मी केले आहेत. पहिला १९९४ मधला, चौथा २०२२ मधला. चारही वेळा दुकानात शिरताना माझ्या तोंडी हाच प्रश्न होता, कितीच्या आत आणि कोणता. आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, पहिल्या तीन वेळा चुकलो तो यंत्र निवडताना नाही. प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारत होतो.

त्याआधी आम्ही महाल भागात राहायचो. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, मागे लहानसं अंगण. उन्हाळ्याचा खर्च म्हणजे एक नवा माठ आणि दारावर वाळ्याची ताटी. दुपारी दर तासाला तिच्यावर तांब्याने पाणी मारायचं काम माझ्याकडे. रात्री अंगणात सडा टाकून बाजा मांडल्या की पहाटे पांघरूण लागायचं. एसी आम्हाला ठाऊक होता तो सिनेमाच्या थिएटरात. 'वातानुकूलित' अशी पाटी असली की मे महिन्यात मॅटिनीला सिनेमा कोणता आहे हे फारसं कुणी विचारत नसे.

१९९४ च्या मार्चमध्ये नंदनवन भागात, स्लॅबच्या घरात आलो. पक्कं घर झालं म्हणून सगळे खूश. मे महिन्यात कळलं की कवेलू सूर्य मावळला की तासाभरात निवतात. स्लॅब मात्र दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोन वाजेपर्यंत ते खोलीत ओतत राहतो. पंखा लावला की छतालगतची तापलेली हवा अंगावर यायची. आई म्हणायची, ''हे घर आहे की भाकरीचा तवा?''

त्याच महिन्यात तीन हजारांच्या आत बसणारा पत्र्याचा डेझर्ट कूलर आणला. तीन बाजूंना ताट्या, तळाशी पाण्याची टाकी, टाकीत पंप, पुढे मोठा पंखा. वाळा महाग, म्हणून ताट्या लाकडाच्या किसाच्या. वासापुरता मूठभर वाळा त्यात खोचलेला. गुढीपाडव्याला गुढी उतरवली की कूलर काढायचा, असा घराचा नेम पडला. गंजलेला तळ घासून डांबर फासायचं, ताट्या बदलायच्या, पंपाच्या नळ्यांत अडकलेला क्षार सुईने टोकरायचा. पहिल्यांदा पाणी सुटलं की ओल्या लाकडाचा आणि वाळ्याचा वास घरभर पसरायचा. आमच्याकडे उन्हाळा सुरू झाल्याची ती वर्दी.

कूलर ही विदर्भाची गरिबी नाही, विदर्भाचं शहाणपण आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४३-४४ वर असतो तेव्हा हवेतला ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो. इतकी कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढली की पाण्याची वाफ करताना तिची उष्णता खर्ची पडते आणि ती २६-२७ अंशांची होऊन बाहेर येते. त्यासाठी वीज लागते दोनशे वॅटच्या आसपास. दीड टनाचा एसी त्याच्या सात-आठपट वीज मागतो. मात्र रोहिणी सरून मृग लागला, ढग भरून आले, की गणित उलटतं. हवा ३५ अंशांची आणि ओलावा ६० टक्के असेल तर कूलर तिला जेमतेम तिसापर्यंत आणतो, आणि तीही ओलीचिंब. चादर चिकट, मीठ ओलं, पापड सादळलेले. मुंबईत किंवा कोकणात कूलर का चालत नाही, याचं उत्तर नागपूरकराला दर जूनमध्ये घरबसल्या मिळतं.

कूलरचा खरा खर्च किमतीच्या चिठ्ठीवर नव्हताच. मोठा कूलर दिवसरात्रीत दीडशे-दोनशे लिटर पाणी सहज पितो आणि आमच्या नळाला पाणी यायचं दिवसातून एकदा. टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून आठवड्याला ती कोरडी करायची. शिवाय पत्र्याचा डबा, पाणी आणि वीज एकाच जागी. कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात येतेच. ''आधी पिन काढ, मग पाणी भर'' हे वाक्य आमच्याकडे शुभंकरोतीसारखं पाठ होतं.

२००३ च्या जूनमध्ये मुलगी झाली. पाऊस लांबलेला, ढग नुसतेच दाटलेले. कूलरच्या ओल्या हवेने बाळाच्या मानेवर घामोळ्यांची चादर पसरली. चौथ्या दिवशी मी सुटलो आणि कुठल्याशा बंद पडलेल्या कार्यालयाच्या लिलावातून आलेला दीड टनाचा विंडो एसी सात हजारांत उचलून आणला. नव्याच्या निम्म्याहून कमी पैसे पडले म्हणून स्वतःवर खूश होतो. दीड टन म्हणजे यंत्राचं वजन, अशी माझी समजूत. मेकॅनिक हसला. टन हे माप बर्फाच्या जमान्यातलं आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. आजच्या भाषेत साडेतीन किलोवॅट. म्हणजे एसी गारवा बनवत नाही, तो खोलीतली उष्णता उपसून बाहेर फेकतो. विहिरीवरच्या मोटेसारखा. पण विहिरीत पाणी किती झरतंय, हे मोटेला कोण सांगणार? ते मलाही सुचलं नाही.

त्या एसीचा आवाज घर्र असा होता. कॉम्प्रेसर चालू असला की बाळ झोपायचं. खट्‌ करून बंद पडला की डोळे उघडायचं. आम्ही दोघं अंधारात पुढच्या घर्रची वाट पाहत पडून राहायचो.

मग बिल आलं. ते जुनं यंत्र रात्रीत चौदा-पंधरा युनिट खात होतं. आपल्याकडे घरगुती विजेचे दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतात. शंभर युनिटपर्यंतचा दर वेगळा, तीनशेपर्यंतचा वेगळा, पाचशेपर्यंतचा वेगळा, पुढचा आणखी वेगळा. आज तिसऱ्या पायरीवरचं युनिट पहिल्या पायरीच्या दुपटीहून महाग पडतं. पंखे, फ्रिज, दिवे यांनी खालच्या पायऱ्या आधीच व्यापलेल्या असतात, त्यामुळे एसीचं जवळपास प्रत्येक युनिट वरच्या पायरीचं. सात हजारांची स्वस्ताई दोन उन्हाळ्यांत वीजबिलात वाहून गेली. दुकानात हे समजायला मार्गही नव्हता. यंत्र किती वीज खातं हे सांगणारी तारांकित चिठ्ठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये आणली, तीही आधी ऐच्छिक. एसीवर ती सक्तीची झाली २०१० मध्ये.

पुढची काही वर्षं भारनियमनाची. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर वीजकेंद्रांच्या धुराड्यांच्या सावलीत राहून आम्ही मेणबत्त्या लावत होतो. वीज असली तरी संध्याकाळी दाब इतका पडायचा की कॉम्प्रेसर कण्हायचा आणि सुटायचाच नाही. स्टॅबिलायझर घेतला. २०१० च्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर कायमचा बसला. भंगारवाल्याने तो नेला तो आतल्या तांब्यासाठी.

२०११ मध्ये स्प्लिट घेतला. आता चिठ्ठ्या होत्या, तारे होते. मी हुशारीने टू स्टार निवडला, कारण फाइव्ह स्टारपेक्षा तो बराच स्वस्त होता. चूक निवडीपेक्षा बसवण्यात झाली. त्याचे बारकावे आजही तितकेच लागू आहेत, म्हणून सांगतो. स्प्लिटची दोन युनिटं तांब्याच्या नळीने जोडतात. जोडल्यावर नळीतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची, मग गॅस सोडायचा. आमच्याकडच्या पोराने पंप आणलाच नव्हता. त्याने व्हॉल्व्ह किंचित उघडला, फुस्स करून थोड्या गॅसबरोबर हवा बाहेर ढकलली आणि म्हणाला, ''झालं भाऊ.'' वीस मिनिटं वाचली. पुढच्या एप्रिलमध्ये एसी नुसती हवा फेकायला लागला. सांध्यातून गॅस गळलेला. तो भरून घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. यंत्र कारखान्यात निम्मंच तयार होतं, उरलेलं निम्मं आपल्या भिंतीवर तयार होतं, हे तेव्हापासून मी कुणालाही सांगत असतो.

दुसरी चूक माझी. बाहेरचं युनिट गच्चीवर, पश्चिमेला, उघड्या उन्हात ठेवलं. एसीची ताकद चिठ्ठीवर लिहितात ती बाहेर ३५ अंश आहेत असं धरून. नागपुरात मेमध्ये सावलीतच ४५. तापलेल्या गच्चीवर, उन्हाच्या भिंतीला टेकून बसलेल्या यंत्राला आपली उष्णता फेकायची कुठे? जितकं ऊन वाढेल तितका त्याचा दम कमी. ऐन नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, दीड टनाचा आमचा एसी एका टनाचंही काम करत नसे. मी रिमोटवर १८ लावायचो आणि खोलीत ३१ असायचे.

२०१९ च्या मे महिन्यात मी हरलो आणि दोन टनाचा एसी घ्यायचा विचार पक्का केला. जाता जाता जुन्याची सर्व्हिसिंग करून घ्यावी म्हणून एका वयस्क मिस्त्रीला बोलावलं. त्याने जाळ्या धुतल्या, गॅसचा दाब पाहिला, मग स्टुलावर चढून तळहात छताला लावला आणि लगेच काढला. म्हणाला, ''भाऊ, एसी बरोबर आहे. तुमचा स्लॅब तापून राहिला ना! दोन टन लावा की तीन टन, वरून आच चालूच आहे.'' जाताना त्याने उपाय सांगितला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. गच्ची झाडून धुवायची, चुना रात्रभर भिजवायचा, त्यात थोडा फेविकॉल घालायचा आणि उन्हं उतरल्यावर दोन हात मारायचे. बाहेरच्या युनिटवर हिरवी नेट बांधायची, उंच, हवा खेळेल अशी.

हजार रुपयांच्या आत काम झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर अनवाणी उभा राहिलो. याआधी चप्पल घातली तरी तळवे भाजायचे. खोलीतला भिंतीवरचा तापमापक तीन अंशांनी उतरला आणि त्या रात्री, आठ वर्षांत पहिल्यांदा, नवतप्यातही आमचा टू स्टार एसी काम संपल्यासारखा खट्‌ करून थांबला. मी उठून बसलो, वाटलं, बिघडला.

विहिरीत झरा कुठून येतोय ते त्या दिवशी दिसलं. पंचवीस वर्षं मोटेच्या किमतीची घासाघीस करत होतो. दर फेब्रुवारीत आता चुना ठरलेला. पावसाळ्यात तो धुऊन जातो, याची तक्रार नाही. थंडीत स्लॅब तापलेला बरा असतो.

तो जुना एसी आणखी तीन वर्षं चालला. २०२२ पर्यंत दुकानांचं रूप बदललं होतं. सगळीकडे 'इन्व्हर्टर'. हा शब्द आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोघांनी तो एसी लोडशेडिंगमध्ये बॅटरीवर चालेल म्हणून घेतला होता! बॅटरीशी त्याचा काही संबंध नाही. जुना कॉम्प्रेसर एक तर पूर्ण जोरात धावतो, नाहीतर बंद असतो. इन्व्हर्टरवाला खोली गार झाली की संथ होतो आणि तेवढ्याच चालीने रात्रभर जातो. चिठ्ठीवर आयएसईईआर हा आकडाही आला होता. वर्षाला १,६०० तास यंत्र चाललं तर एक युनिट विजेत ते किती युनिट उष्णता उपसेल, त्याची सरासरी म्हणजे हा आकडा. तो जितका मोठा तितकं वीजबिल लहान.

तारे मात्र फसवे. ते गुणांवर मिळतात आणि परीक्षा दर काही वर्षांनी अवघड होते. २०१८ च्या कोष्टकात स्प्लिटला ४.५ आकड्यावर पाच तारे होते. जुलै २०२२ पासून पाचला ५.० लागले आणि ४.५ वाल्याचा एक तारा गळला. जून २०२२ मध्ये दुकानदारांना जुन्या चिठ्ठीचा माल संपवायचा होता. मी या वेळी तारे न पाहता आकडा पाहिला. आकडा चारच्या थोडा वर, जुन्या कोष्टकात फोर स्टार, नव्यात थ्री. शेजारच्या फाइव्ह स्टारपेक्षा सात-आठ हजारांनी स्वस्त.

तो स्वस्त होता म्हणून नाही घेतला, तासांचा हिशेब करून घेतला. आमच्याकडे दिवसा कूलरच चालतो. एसी लागतो तो मे आणि अर्धा-अधिक जून, रात्री आठ तास. म्हणजे वर्षाला चार-साडेचारशे तास. दीड टनाचा थ्री स्टार १,६०० तासांत साडेनऊशे-हजार युनिट खातो, फाइव्ह स्टार साडेसातशे-आठशे. फरक दोनशे युनिटांचा. आमच्या तासांत तो पन्नास-साठ युनिटांवर येतो. वरच्या पायरीच्या दराने वर्षाला नऊशे रुपये धरले तरी सात-आठ हजार भरून यायला आठ वर्षं लागतील. ज्या घरात एसी मार्च ते ऑक्टोबर चालतो तिथे हेच पैसे दोन-तीन वर्षांत सुटतात. एकच फाइव्ह स्टार एका घरात काटकसर ठरतो, दुसऱ्या घरात मिरवणूक.

बसवायला आलेल्या मुलाला मी दारातच विचारलं, ''व्हॅक्यूम पंप आणला?'' आणला होता. बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीवर, कायम सावलीत गेलं. दोन वर्षांनी, ३० मे २०२४ ला, नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभरातून ओळखीच्यांचे फोन आले. तो यंत्राचा बिघाड होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. त्या रात्री आमच्या खोलीत २६ अंश होते आणि पंखा दोनवर होता. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वर येतात, तशी सक्तीच आहे. तिथून एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्यूरो सांगतं. पंख्याच्या जोडीने २६ आम्हाला पुरतात.

हे सगळं मुलीला कसं सांगणार? संध्याकाळी मी फोन केला आणि किमतीऐवजी भलतंच विचारायला लागलो. कितवा मजला? वरती स्लॅब की दुसऱ्याचं घर? खिडकी कुठल्या दिशेला? खोली केवढी? किती तास लावशील?

''बाबा, मी एसी घेतेय. तुम्ही पत्रिका काय मांडताय?''

उत्तरं मात्र दिली. सात मजली इमारतीत चौथा मजला, वर बिऱ्हाड, खोली दहा बाय अकरा. म्हणजे एक टन पुरे. ठाण्याची हवा दमट, कूलरचा प्रश्नच नाही. वर्षाचे आठ महिने रोज रात्री लावणार, म्हणजे दोन हजार तास. इथे तारे कमी घेऊन चालणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे पस्तीस हजारांच्या यंत्रामागे पावणेतीन हजारांच्या आसपास सुटले. सगळं फाइव्ह स्टार स्प्लिटकडे बोट दाखवत होतं. मग मी शेवटचं विचारलं, ''करार कितीचा?''

''अकरा महिन्यांचा. आणि घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. आधीच्या भाडेकरूने खिडकीत एसीची चौकट केलेली आहे, ती वापरा म्हणतात.''

पत्रिका तिथे जुळली. स्प्लिट काढायचा, गॅस आत कोंडून घ्यायचा, नव्या घरी पुन्हा नळी, पुन्हा जोडणी, हा खर्च दर घरबदलीला पाच-सहा हजारांचा. खिडकीतला एसी दोन माणसं उचलून टेम्पोत टाकतात. एकच गोष्ट तिला बजावली. विंडो आणि स्प्लिटचे तारे वेगवेगळ्या कोष्टकांतले. २०२२ च्या कोष्टकात विंडोला ३.५ वर पाच तारे मिळाले, त्याच आकड्यावर स्प्लिटला दोन. तेव्हा फाइव्ह स्टार विंडो म्हणजे फाइव्ह स्टार स्प्लिट नव्हे. तिला विंडोच घ्यायचा आहे, तर त्यातल्या त्यात मोठा आकडा पाहायचा.

तिने एक टनाचा, इन्व्हर्टरवाला नको म्हणून साधा विंडो घेतला. दोन्हींच्या आकड्यांत फरक थोडा होता, किमतीत जास्त. हा हिशेब तिने स्वतःच केला. उरलेल्या पैशांत घ्यायच्या यादीत पडदा होता, तोही जाड घेतला, कारण खिडकी पश्चिमेची निघाली.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी तिचा फोन. ''छान गार होतं, बाबा. पण आवाज फार आहे. आणि गंमत म्हणजे आवाजाने झोप मोडत नाही, तो थांबला की मोडते. असं का होतं?''

मी फोन तिच्या आईकडे दिला.